सुट्टीच्या बेतात मोतीचे स्थान

चैत्र सरत येतो, मुलांच्या वार्षिक परीक्षा आटोपतात आणि घरोघरी एकच चर्चा सुरू होते : यंदा सुट्टीत जावयाचे कोठे? कोणी आजोळचे नाव काढतो, कोणी समुद्राचे, तर कोणी एखाद्या थंड हवेच्या ठिकाणाचे. आगगाडीची तिकिटे, नातलगांना न्यावयाचा खाऊ, शेजारी ठेवावयाची किल्ली, अशा सर्व गोष्टींचा खल होतो. अंगणातील तुळशीला पाणी कोण घालील, याचाही विचार होतो. परंतु दाराशी बसून, कान टवकारून या साऱ्या बोलण्याकडे पाहणाऱ्या चार पायांच्या कुटुंबीयाचा विचार पुष्कळदा निघण्याच्या आदल्या रात्री होतो. त्याचे नाव राजा असेल, शेरू असेल किंवा वाघ्या असेल. या लेखापुरते आपण त्याला मोती म्हणू.

मोतीवर घरातील सर्वांचे प्रेम असते, याविषयी शंका नाही. पण हे प्रेम उन्हाळ्यात दोन टोकांना जाते. ‘त्याच्यावाचून करमणार नाही’ म्हणून त्याला भर उन्हातून शेकडो मैल नेले जाते. नाहीतर ‘कुत्र्याला काय, कोठेही राहील’ म्हणून मागील दारी बांधून घराला कुलूप लावले जाते. पहिल्यात माया आहे, पण विचार नाही. दुसऱ्यात दोन्ही नाहीत. वाचकहो, सुट्टी आपणांस सुखाची जावी आणि मोतीसही ती बाधू नये, यासाठी आधी त्याचे शरीर समजून घ्यावे लागते आणि मग आपला बेत ठरवावा लागतो. क्रम उलटला की दुःख पदरी येते.

चार हजार वर्षांची सोबत

कुत्रा आणि माणूस यांची प्रवासातील सोबत आपल्या देशात फार जुनी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली ब्राँझच्या काही अप्रतिम मूर्ती सापडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला एक रथ आहे. रथात माणूस उभा आहे आणि पुढच्या दांड्यावर एक कुत्रा उभा आहे. या मूर्तींच्या काळाविषयी पंडितांत मतभेद असले, तरी त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या असाव्यात, असे मानणारे बरेच आहेत. काश्मीरमधील बुर्झहोम येथील नवाश्मयुगीन वसाहतीत तर माणसांबरोबर कुत्र्यांनाही पुरल्याचे उत्खननात आढळले आहे. ऋग्वेदातील सरमा हरवलेल्या गाईंचा माग काढते. महाभारताच्या अखेरीस स्वर्गाच्या दारापर्यंत सोबत आलेल्या कुत्र्याला बाहेर ठेवून आत जाण्यास युधिष्ठिर नकार देतो. आपल्याकडे दत्तात्रेयांच्या पायाशी कुत्री असतात आणि खंडोबाच्या चित्रातही कुत्रा असतोच.

इतक्या दीर्घ सहवासानंतरही एका बाबतीत आपण त्याला अजून आपल्यासारखाच समजतो. ती बाब म्हणजे उष्णता.

त्याला घाम येत नाही

माणसाच्या सर्वांगाला घाम येतो. तो वाळताना शरीरातील उष्णता घेऊन जातो. कुत्र्याच्या अंगावर केसांचे आवरण असते आणि घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना, तोही अगदी थोडा. त्यामुळे अंग थंड राखण्याचा त्याचा मुख्य उपाय म्हणजे धापा टाकणे. जीभ बाहेर काढून तो भराभर श्वास घेतो. एरवी मिनिटाला दहा ते तीस असणारे श्वास अशा वेळी तीनशेपर्यंतही जातात. तोंड, जीभ आणि श्वासमार्ग यांतील ओलावा वाफ होऊन उडतो आणि त्याबरोबर उष्णता बाहेर पडते.

येथेच प्रांताप्रांतांतील फरक ध्यानात घ्यावयास हवा. नागपूर, ग्वाल्हेर किंवा दिल्ली येथील हवा कोरडी असते. तेथे वाफ लवकर होते, पण पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात गेला की भोवतालची हवाच कुत्र्याच्या शरीराहून अधिक तापलेली असते. मुंबई, रत्नागिरी, पणजी किंवा चेन्नई येथे पारा इतका चढत नाही. परंतु हवेत दमटपणा असल्याने वाफ होण्याचे काम मंदावते आणि धापा टाकूनही त्याला हवा तेवढा गारवा मिळत नाही. म्हणून ‘आमच्याकडे काही एवढे ऊन नाही’ या समजुतीवर किनाऱ्यावरच्या वाचकांनी विसंबू नये.

कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान साधारणतः १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्याला ताप असावा इतके. ते १०६ अंशांच्या पुढे गेले तर उष्माघात झाला असे समजावे. मेंदू, मूत्रपिंडे, आतडी यांवर त्याचा घाला पडतो आणि अवघ्या काही तासांत प्राणी दगावू शकतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींचा श्वासमार्गच अरुंद असतो. त्यांना हा धोका सर्वांत अधिक. म्हातारी, लठ्ठ किंवा हृदयविकार असलेली कुत्री आणि अगदी लहान पिले यांनाही जपावे लागते. बर्फाळ प्रदेशातील जातींची दाट केसांची कुत्री अलीकडे आपल्या शहरांत हौसेने पाळली जातात. त्यांच्या उन्हाळ्याचा विचार तर ती घरी आणण्यापूर्वीच झाला पाहिजे.

घरातील उन्हाळा

मोतीला दुपारी पाहिलेत तर तो स्वतःच पुष्कळ काही शिकवील. माठाच्या तिवईखाली, न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर, जिन्याखालच्या अंधारात किंवा अंगणातील माती उकरून केलेल्या खड्ड्यात तो अंग टाकतो. जमिनीच्या पृष्ठभागाखालची माती थंड असते, हे ज्ञान त्याला उपजतच आहे. त्या खड्ड्याबद्दल त्याला रागावू नये. उलट ती जागा सावलीत राहील अशी तजवीज करावी.

पाणी त्याला दिवसभर मिळाले पाहिजे. सर्वसाधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला पन्नास ते साठ मिलिलिटर पाणी कुत्र्याला लागते. म्हणजे पंधरा किलो वजनाच्या कुत्र्याला पाऊण लिटर ते एक लिटर, आणि कडक उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. धातूचे भांडे उन्हात तापते आणि हलके असल्यास उलटते. मातीचे जड, पसरट भांडे उत्तम. ते सावलीत, दोन ठिकाणी ठेवावे. हे काम घरातील लहान मुलावर सोपवावे. पण भांडे भरलेले आहे की नाही, हे मोठ्यांनी पाहावे.

फिरावयास नेण्याची वेळ बदलणे हा सर्वांत सोपा उपाय. सकाळी सूर्य वर येण्यापूर्वी आणि संध्याकाळी रस्ता निवल्यावर, अशा दोन फेऱ्या पुरेत. रस्ता निवला की नाही, हे पाहण्याची साधी रीत अशी : आपल्या हाताची पालथी बाजू डांबरावर ठेवावी. सहासात सेकंद ती तेथे ठेववत नसेल, तर मोतीचे पायही तेथे भाजणार. आपल्या पायांत चपला असतात, त्याच्या पायांत नसतात, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

काही जण उन्हाळ्यात पांढऱ्या, दाट केसांच्या कुत्र्याचे अंग पार तासून काढतात. त्याने गारवा मिळतो ही समजूत बरोबर नव्हे. केसांचे ते आवरण उन्हाची झळही अडवीत असते आणि उघडी पडलेली कातडी उन्हाने भाजते. मेलेले केस रोज विंचरून काढणे अधिक हितकारक. विंचरताना कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि गळपट्ट्याखाली गोचीड आहेत का, हेही पाहावे. उन्हाळ्यात आणि पावसाच्या आरंभी ते फार बळावतात. त्यांच्यामार्फत रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करणारे ताप कुत्र्याला होतात.

आता उन्हाळ्याच्या मेव्याविषयी. आंब्याची फोड मोतीने खाल्ली तर बिघडत नाही. पण कोय त्याच्या तोंडी लागता कामा नये. रसाचा वास असलेली, गुळगुळीत कोय तो गिळून बसतो. ती आतड्यात अडकली म्हणजे शस्त्रक्रियेवाचून इलाज राहात नाही. आमरसाच्या पंगतीनंतर कोयींची टोपली कोठे ठेवली आहे, हे गृहिणीने पाहिलेले बरे. द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट, कांदा आणि लसूण हे पदार्थही कुत्र्यांना विषारी ठरतात. सुट्टीत पाहुण्यांची मुले येतात आणि कौतुकाने आपल्या हातचा खाऊ त्याला देतात. त्यांना हे आधीच समजावून सांगावे.

न्यावे की ठेवावे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्याला जेथे जावयाचे आहे, तेथे मोतीला सुख लाभेल काय? ‘आपल्याला त्याच्यावाचून करमेल काय?’ हा प्रश्न वेगळा आहे आणि तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आजोळचे घर ऐसपैस असेल, तेथील मंडळींना कुत्र्याची सवय असेल आणि प्रवास रात्रीच्या थंड वेळी होण्याजोगा असेल, तर त्याला जरूर न्यावे. उलटपक्षी लग्नघर, यात्रा, देवस्थानांच्या रांगा आणि शहरातील स्थलदर्शन ही त्याची जागा नव्हे.

अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांत तर पाळीव कुत्रा नेताच येत नाही. हे बंधन जाचक वाटेल, पण त्यामागे कारण आहे. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा रोग वन्य मांसाहारी प्राण्यांनाही होतो. २०१८ साली गुजरातेतील गीरच्या जंगलात थोड्याच दिवसांत वीसहून अधिक सिंह मरण पावले. तपासणीत त्यांच्यापैकी काहींच्या शरीरात या रोगाचे विषाणू सापडले. जंगलाच्या कडेने असलेल्या गावांतील कुत्र्यांना लस टोचणे, हा म्हणूनच सिंहांच्या रक्षणाचाही उपाय ठरतो.

थंड हवेच्या ठिकाणी मोतीला आनंद होतो, हे खरे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे. तेथील सकाळ त्याला मानवते. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने रस्ते निर्धास्त असतात. मात्र घोडे आणि माकडे यांच्यामुळे गळ्यातील दोरी सोडून चालत नाही. डोंगराळ भागात, विशेषतः हिमालयाच्या पायथ्याच्या गावांत, दिवस मावळल्यावर कुत्र्याला बाहेर मोकळे ठेवू नये. कुत्रा हे बिबट्याचे आवडते भक्ष्य आहे. समुद्रकिनारी गेलात तर गोडे पाणी बरोबर न्यावे. तहानेने तो खारे पाणी पितो आणि मग उलट्या व जुलाब यांनी हैराण होतो.

प्रवासाची तयारी

आगगाडीतून कुत्रा नेण्याचे नियम सर्वांना ठाऊक नसतात. वातानुकूलित पहिल्या वर्गातील दोन किंवा चार शायिकांची संपूर्ण खोली आपल्याच कुटुंबासाठी राखलेली असेल, तरच त्याला आपल्याबरोबर बसता येते. शयनयानात किंवा वातानुकूलित द्वितीय व तृतीय श्रेणीच्या डब्यांत त्याला परवानगी नाही. एरवी त्याला गार्डाच्या डब्यातील पेटीतून जावे लागते. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या त्या पेटीत, अनोळखी आवाजांत, एकट्याने दहाबारा तास काढणे म्हणजे काय, याची कल्पना करावी आणि मगच निर्णय घ्यावा. स्थानकावरील पार्सल कचेरीत आगाऊ चौकशी करावी आणि लस टोचल्याचा दाखला जवळ ठेवावा. त्याची साखळी, त्याचे खाणे आणि पाणी ही जबाबदारी मालकाचीच असते.

मोटारीने जाणाऱ्यांनी एक गोष्ट कधीही करू नये : काचा लावून कुत्र्याला आत ठेवून ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून जाणे. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील उष्णता दहा मिनिटांत सुमारे दहा अंश सेल्सिअसने आणि अर्ध्या तासात वीस अंशांच्या आसपास वाढते. बाहेर ३५ अंश असतील, तर आत अर्ध्या तासात ५५ होतात. काच दोन बोटे उघडी ठेवल्याने यात फारसा फरक पडत नाही. चहाची टपरी, ओळखीचा भेटणे, मोड नसणे, एवढ्यात अर्धा तास सहज जातो.

कुत्रा उन्हाने व्याकूळ झाल्याची लक्षणे अशी : थांबता न येणाऱ्या धापा, चिकट लाळ, गडद लाल जीभ, अडखळती चाल, उलटी आणि शेवटी बेशुद्धी. अशा वेळी त्याला ताबडतोब सावलीत न्यावे. अंगावर, विशेषतः मान, पोट आणि जांघा यांवर गार पाणी ओतावे आणि पंख्याने किंवा पुठ्ठ्याने वारा घालावा. ओला टॉवेल अंगावर लपेटून ठेवू नये. तो लवकरच गरम होतो आणि वारा अडवतो. शुद्धीवर असेल तर घोटघोट पाणी पिऊ द्यावे, बळेच पाजू नये. आधी अंग निववावे आणि तसे करीत करीतच पशुवैद्याकडे न्यावे. तो सावरल्यासारखा दिसला, तरी त्याला दाखविल्यावाचून राहू नये. आतील इजा उशिरा प्रकट होते.

वैशाखातील वळिवाचीही आठवण ठेवावयास हवी. मेघगर्जनेने भेदरलेला कुत्रा परक्या गावी दोरी तोडून पळतो आणि त्याला घरची वाट सापडत नाही. गळपट्ट्यावर मालकाचा दूरध्वनी क्रमांक कोरलेली लहानशी पट्टी असणे, हा यावरचा साधा उपाय.

सुईचे एक टोचणे

सुट्टीत मुले गावोगाव जातात, अनोळखी कुत्र्यांना हात लावतात आणि आपला मोतीही परक्या कुत्र्यांत मिसळतो. म्हणून रेबीजचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी एका नऊ वर्षांच्या मुलाला ही लस प्रथम टोचली. आपल्या देशात १९०० साली कसौली येथे आणि १९०७ साली कुन्नूर येथे या कामासाठी पाश्चर संस्था निघाल्या. एवढी वर्षे लस हाती असूनही जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. त्यांत लहान मुलांचा भरणा मोठा आहे. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लस वेळेवर घेतली तर मात्र तो बहुधा निश्चित टळतो.

मोतीला तीन महिन्यांचा असताना पहिली लस आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने दरवर्षी पुनर्लस, हा नियम चुकवू नये. कोणत्याही कुत्र्याने चावा घेतला किंवा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर हळद, चुना, तिखट असले काही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी आणि सांगितलेल्या तारखांची सर्व टोचणी पुरी करावीत. सुट्टीतील गाव सोडले म्हणून उरलेली टोचणी सोडू नयेत. ती आपल्या गावी घेता येतात.

ठेवून जाताना

मोतीला न नेणे हेच त्याच्या हिताचे, असे ठरले तर त्यात वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. कुत्र्याचा जीव माणसांत आणि नित्यक्रमात असतो. ओळखीचे माणूस, ओळखीची जागा आणि ठरलेल्या वेळी खाणे व फिरणे एवढे लाभले तर तो तुमची वाट पाहील, पण खंगणार नाही. शेजारचे आजोबा, धाकटी आत्या, मित्राचे घर असा कोणी पाहावा आणि निघण्यापूर्वी पंधरा दिवस त्या व्यक्तीच्या हातून त्याला खाऊ घालण्यास व फिरवून आणण्यास सुरुवात करावी. शहरांतून आता कुत्री सांभाळणारी निवासगृहेही निघाली आहेत. तेथे ठेवावयाचे असेल तर स्वतः जाऊन जागा, सावली आणि वारा पाहून यावे. त्याच्या अंथरुणात घरातील एखादे न धुतलेले जुने वस्त्र ठेवावे. ज्याचे जग वासाचे आहे, त्याला त्या वस्त्राचा धीर वाटतो.

मात्र साखळीने बांधून, पुढ्यात भाकरीची चळत ठेवून कुलूप लावणे, हे निर्दयतेचे आहे. इतकेच नव्हे, तर तो गुन्हाही आहे. राज्यसभेच्या सदस्या आणि विख्यात नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांची परिणती म्हणून १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, आखूड वा जड साखळीने गैरवाजवी वेळ बांधून ठेवणे आणि भुकेने वा तहानेने त्याचे हाल होतील अशा स्थितीत त्याला टाकून देणे, या सर्व गोष्टी त्या कायद्याने दंडनीय ठरविल्या आहेत. प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे १९७६ सालापासून आपल्या राज्यघटनेने सांगितलेले प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्यही आहे.

वस्तुतः हे कर्तव्य घटनेच्या पुस्तकातून मुलांच्या मनात उतरत नाही. ते घरात डोळ्यांसमोर घडताना उतरते. यंदा सुट्टीचा बेत आखताना मुलांना जवळ बसवावे आणि कागदावर मोतीचे नाव सर्वांत वर लिहावयास सांगावे. त्याचे पाणी कोण पाहील, त्याचे टोचणे केव्हा आहे, तो कोठे राहील, हे ठरल्यावर मग आपली तिकिटे काढावीत. ज्याला आपली अडचण बोलून दाखविता येत नाही, त्याचा विचार आधी करण्याची सवय घराला एकदा लागली की ती कुत्र्यापाशी थांबत नाही. घरातील आजारी आजीपर्यंत, कडेवरच्या तान्ह्यापर्यंत आणि भर दुपारी दारी येणाऱ्या टपालवाल्याला पाणी विचारण्यापर्यंत ती आपोआप पोहोचते.